दोन सेंटिमीटर

रविवार, १ सप्टेंबर

आज लिहिलं नाही तर माझं पोट फुटेल. वही लेकीची आहे, गणिताची, मागची पानं कोरी होती. चालेल.

चर्चमध्ये उपासना संपल्यावर पाळकांनी विचारलं, "कुणाला आरोग्यासाठी प्रार्थना हवी आहे?" मी जाणार नव्हते. पंधरा महिने मी मागच्या बाकावर बसून हा प्रश्न ऐकते आणि बुटांच्या नाड्या बघत राहते. आज कशी उठले ते प्रभूलाच ठाऊक. पाळकांनी कपाळाला तेल लावलं, चौघांनी खांद्यांवर हात ठेवले. त्यात पियानो वाजवणाऱ्या मावशींचा हात गारेगार होता, आणि तरीही माझ्या कमरेपासून घोट्यापर्यंत ऊब उतरत गेली. खोटं लिहीत नाही. स्वतःच्या वहीत कोण खोटं लिहील!

काठी तिथेच खांबाला टेकवून आले.

काय मागितलं तेही लिहून ठेवते, म्हणजे नंतर शब्द फिरवायला नको. अपघातात मांडीचं हाड मोडलं, जुळलं, पण डावा पाय दोन सेंटिमीटर आखूड झाला. त्याआधी बारा वर्षं मी शाळेत पी.टी.ची बाई होते. शिट्टी वाजली की चारशे पोरं गप्प. आता ग्रंथालयात बसून पुस्तकांवर शिक्के मारते आणि खिडकीतून बदली बाईची शिट्टी ऐकते. तिला धड फुंकताही येत नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, स्पष्ट सांगितलंय: अठ्ठावीस ऑक्टोबरला शाळेच्या डॉक्टरांसमोर मैदानाच्या चार फेऱ्या, पळत, न थांबता. जमलं तर मैदान माझं. नाही जमलं तर बदली बाई कायम, आणि मी निवृत्त होईपर्यंत शिक्के मारायचे.

म्हणून प्रभूला म्हटलं, मला दोन सेंटिमीटर दे. फार मागत नाही.

घरी आल्या आल्या बाबांना सांगितलं. बाबा म्हणजे माझे सासरे. बूट बनवतात, आमची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. वर्षभर माझ्या मागे लागलेत की डाव्या पायाला जाड तळाचा बूट करून देतो. डॉक्टरांनीही तेच लिहून दिलंय. पण तसला बूट घालून मैदानावर गेले तर पोरं काय नाव ठेवतील ते मला पोरांच्या आधी सुचतं. आणि आता तर प्रश्नच मिटला.

"बाबा, त्या बुटाचं नाव आता काढायचं नाही," मी म्हटलं. "तो घातला तर प्रभूला काय सांगू? तुझ्यावर भरवसा आहे, पण हा जरा टेकू घेतलाय?"

"बरं," म्हणाले आणि चामडं कापायच्या रापीला धार लावत बसले.

त्यांच्याकडून जास्त अपेक्षा नव्हतीच. सासूबाईंच्या आजारात चर्चच्या सगळ्या मंडळीने चाळीस दिवस प्रार्थना केली आणि एकेचाळिसाव्या दिवशी त्या गेल्या. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून बाबा दर रविवारी आम्हाला चर्चच्या फाटकापर्यंत सोडतात आणि परत फिरतात.

मंगळवार, ३ सप्टेंबर

लंगडतेच आहे. काठी नाही म्हणून जास्तच. ग्रंथालयाच्या तीन पायऱ्या चढताना सहावीतल्या एका पोरीने हात पुढे केला, तो मी झटकला. मग दिवसभर लाज वाटत राहिली.

माझा विश्वास कमी पडतोय का? ती ऊब खरी होती की खोलीतच उकडत होतं?

रविवार, ८ सप्टेंबर

सुरुवात झाली!!

आमच्या घरात शनिवारी दुपारी बाबा सगळ्यांचे बूट गोळा करतात. पॉलिश, टाचा, शिवण, सगळं तपासून ओळीने दाराशी मांडतात. झिजल्या टाचेने देवापुढे जायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त. बाबा स्वतः आत जात नाहीत, पण शिस्त सोडत नाहीत. कालही तसंच झालं. आज सकाळी बूट चढवले, बाहेर पडले आणि चौकापर्यंत आल्यावर लक्षात आलं की कंबर कमी खाली जातेय. कमी! फाटकापासून चर्चच्या दारापर्यंत चाळीस पावलं मी मोजून टाकली आणि दारात वळून बाबांना जोरजोरात हात केला. ते नेहमी लगेच परत फिरतात, आज तिथेच उभे होते.

माझा नवरा पावाची गाडी चालवतो आणि शब्द जपून वापरतो. तोही म्हणाला, "आज कमी हेलकावतेस."

बुधवार, ११ सप्टेंबर

बाबांनी माझ्या घरातल्या सपाताही पॉलिश करून ठेवल्या. सपातांना कोण पॉलिश करतं? म्हातारपण, दुसरं काय. पण घरातही आज चाल छान होती.

सोमवार, १६ सप्टेंबर

ग्रंथालयाच्या पायऱ्या आज एकीला एक पाय अशा चढले. बाळासारखे दोन्ही पाय एका पायरीवर नाही! शिपाईकाका बघतच राहिले. "बाई, जादू केली का?" "जादू नाही काका, प्रार्थना," मी म्हटलं आणि शिक्के इतक्या जोरात मारले की शाईची डबी उलटली.

एक गोष्ट मात्र खुपते. सकाळी पलंगावरून अनवाणी उतरले की चाल जुनीच. न्हाणीघरातही जुनी. सपाता घालून स्वयंपाकघरात येईपर्यंत सुधारते. मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, शरीर जागं व्हायला वेळ लागतो. पटलं. चहा झाल्याशिवाय मला तरी कुठे काही सुचतं!

बाबा हल्ली मी आले-गेले की बघत असतात, आणि त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे कधीच नसतं. परवा विचारलं, "बुटात कुठे टोचत नाही ना?" मी म्हटलं, मला सध्या जगात काहीच टोचत नाही.

रविवार, २९ सप्टेंबर

चार आठवडे झाले. आज उपासनेनंतर लेकीबरोबर फाटकापर्यंत पळाले. पळाले! ती जिंकली कारण ती दहा वर्षांची आणि लबाड आहे, तीन म्हणायच्या आधीच सुटली. पाळक हसून म्हणाले, "सावकाश, सावकाश." पंधरा महिने सावकाशच चालले होते मी, आता कोण ऐकतंय!

दर रविवारी थोडं थोडं वाढतंय. प्रभू एकदम का देत नाही असं आधी वाटायचं. आता वाटतं, मी शिक्षिका आहे, त्याला माहीत आहे की मला सराव करून घेतलेलाच आवडतो.

सोमवार, ७ ऑक्टोबर

शाळा सुटल्यावर मैदान रिकामं होतं. एक फेरी मारली. पूर्ण. कुणी पाहिलं नाही ह्याचं इतकं वाईट वाटलं की दुसरीही मारायला निघाले, पण दम लागला. घरी येऊन बाबांना मिठीच मारणार होते. ते म्हणाले, "हातांना डिंक लागलाय," आणि मागे सरकले.

रविवार, १३ ऑक्टोबर

पाळकांनी विचारलं, पुढच्या रविवारी साक्ष देशील का, प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगशील का? देईन का! मी तर मनात पाठही केलीय. शेवटच्या बाकापासून चालत पुढे येणार, म्हणजे सगळ्यांना दिसेल.

घरी सांगितलं तेव्हा बाबांच्या हातातली रापी निसटली आणि अंगठा कापला. पट्टी बांधताना म्हणाले, "साक्ष कशाला एवढ्यात? आधी परीक्षा तर होऊ दे."

माझं डोकं सटकलं. "सगळं जग माझ्याबरोबर खूश आहे, तुम्हीच तेवढे नाही. आईंसाठी झालं नाही म्हणून माझ्यासाठीही होऊ नये असं वाटतं का तुम्हाला?"

बोलून गेले. पट्टीची गाठ बाबांनी स्वतःच मारली, दाताने. मी माफी मागायला हवी होती, मागितली नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

नवऱ्याने बूट आणले! पांढरेशुभ्र, पळायचे, निळ्या पट्टीचे. "उद्या हेच घाल," म्हणाला. लग्नातही त्याने माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघितलं नव्हतं.

बाबा बूट गोळा करायला आले. "ते नवेही दे. पहिल्या दिवशी चावतात, जरा सैल करून देतो."

"नको, पॉलिशचा हात लागेल," मी म्हटलं.

"दोन तास दे. नाहीतर तासभर."

लहान मुलासारखे मागत होते. मला गंमतच वाटली. मी बूट कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. ते बराच वेळ दारात उभे राहिले, मग गेले.

उद्या! उद्या!! आज झोप येणार नाही.

रविवार, २० ऑक्टोबर

नको. आज नाही.

सोमवार, २१ ऑक्टोबर

लिहिते. नाहीतर हे डोक्यात किड्यासारखं फिरत राहील.

नवे बूट वाटेत मळू नयेत म्हणून मी सपाता घालून गेले होते, बूट शेवटच्या बाकावर बसूनच चढवले. पाळकांनी माझं नाव घेतलं. मी तिथून निघाले. तिसऱ्या पावलाला कंबर खाली गेली. वाटलं, घाबरलेय. पाचव्या पावलाला पुन्हा. माझा पाय जमिनीला शोधत होता आणि जमीन सापडत नव्हती. सगळे माझ्याकडे हसऱ्या चेहऱ्याने वळलेले, आणि एकेक चेहरा मला दिसताना बदलत गेला. मावशींचे हात पियानोवरच थांबले. मी मधोमध उभी. धड पुढे नाही, धड मागे नाही.

तेवढ्यात मागून बुटांचा आवाज आला. बाबा. अकरा वर्षांत पहिल्यांदा चर्चच्या आत. हातात कापडी पिशवी. ते माझ्यासमोर आले, गुडघ्यांवर बसले आणि माझ्या पांढऱ्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. पिशवीतून माझे जुने काळे बूट काढून शेजारी शेजारी ठेवले. "हे घाल, पोरी," म्हणाले.

फरशीवर दोन्ही बूट एका रेषेत होते, आणि मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे वरून, नीट पाहिलं. डाव्याचा तळ जाड होता. फार नाही. पण जाड होता.

मी मोज्यांवरच बाहेर पळाले. लंगडत पळाले. मला कुणी हाक मारली, की मारलीच नाही, आठवत नाही.

सात आठवडे मी सगळ्या जगाला काय काय सांगितलं! शिपाईकाकांना! मला जमिनीने पोटात घ्यावं.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

बाबांशी बोलत नाही. ताट नेऊन ठेवते आणि वळते. त्यांनी काल जेवणाला हात लावला नाही. लावू नये. मीही नाही लावला.

प्रार्थनाही केली नाही. काय बोलू? तू नव्हतासच का त्यात?

गुरुवार, २४ ऑक्टोबर

आज शेवटी दुकानात गेले आणि उभ्या उभ्याच विचारलं, "किती?"

"सहा," बाबा म्हणाले. "दर शनिवारी एक थर. दोन मिलिमीटरचा. सपातांनाही तेवढेच."

"तुम्ही मला हसत होता?"

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "एकदाही नाही. पहिला लावला तेव्हा वाटलं, पोरगी काठी टाकून आलीय, पडेल कुठेतरी. आठ दिवस तरी बरं वाटेल तिला. मग तू चर्चच्या दारातून वळून मला हात केलास. आता सांग, त्यानंतर तो थर मी कसा काढू?"

मी त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसले.

"तुझ्या सासूच्या वेळी माझ्या हातात काहीच नव्हतं," ते म्हणाले. "चाळीस दिवस हात जोडून बसलो. ह्या वेळी हाताला काम होतं, ते केलं. तुझी फजिती होईल हे मला कळायला हवं होतं. चुकलो."

मला रडू फुटलं, आणि त्या रविवारी जे बोलले होते त्याची माफी मी रडत रडतच मागितली. लेक कधी आत आली कळलंच नाही. तिने काळा बूट उचलला, मोजपट्टी लावली आणि बाईसारखं विचारलं, "आजोबा, सहा दुणे बारा. पण आईचा पाय तर वीस मिलिमीटर आखूड आहे. मग उरलेले आठ?"

बाबांनी खण उघडला. आत पातळ चामड्याचे चार तुकडे होते, माझ्या पायाच्या आकाराचे, कापून तयार. "हे लावलेच नाहीत. गरज पडली नाही. बारा तारखेला सहावा लावला आणि दुसऱ्या दिवशी बघितलं तर तू सरळ. सातवा लावला असता तर दुसऱ्या अंगाला कलली असतीस. चाल बघायलाच बसलोय मी पन्नास वर्षं, तेवढं मला कळतं."

"मग आठ आले कुठून?" मी विचारलं.

"मी बारा घातले. उरलेल्यांचं मला विचारू नकोस."

नवरा गाडी लावून घरी आला तेव्हा मी अनवाणी दुकानाच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होते आणि दोघं जमिनीवर बसून माझी कंबर बघत होते. तोही बसला. "लंगडतेस," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पण कमी. पूर्वीपेक्षा खरंच कमी."

डॉक्टर म्हणतील, रोज चालल्यामुळे कमरेचे स्नायू घट्ट झाले. म्हणोत बापडे. स्नायू काय त्यांनी दिले होते मला?

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

सकाळी पांढरे बूट बाबांसमोर ठेवले. "बारा मिलिमीटर. बाहेरून लावा. दिसलं तरी चालेल."

"दिसेल," ते म्हणाले. "पांढऱ्यावर काळा तळ उठून दिसेल."

"मग दिसू दे! तीन दिवस उरलेत बाबा, लागा कामाला!"

टेकू नको असं मीच प्रभूला ठासून सांगितलं होतं. त्याने माझं ऐकलं नाही. प्रार्थना ऐकायची आणि अटी ऐकायच्या नाहीत, असा त्याचा स्वभाव दिसतोय. आजपासून पुन्हा बोलायला लागले त्याच्याशी. थोडी भांडले, मग आभार मानले. मन इतकं हलकं झालंय की ग्रंथालयात गाणं गुणगुणत होते आणि तिथे मीच लिहिलेली पाटी आहे, शांतता राखा.

रविवार, २७ ऑक्टोबर

साक्ष दिली. शेवटच्या बाकापासूनच चालत गेले, नव्या बुटात, काळा तळ सगळ्यांना दिसेल असा. पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच म्हटलं, "मी वीस मागितले होते. बारा माझ्या सासऱ्यांनी दिले, मला न सांगता. आठ कुणी दिले हे ते सांगत नाहीत, पण मला माहीत आहे." मावशी पियानोवर डोकं ठेवून रडल्या आणि तीन-चार सूर एकदम वाजले. सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त.

बाबा आत आले नाहीत. फाटकापर्यंत सोडलं आणि परत फिरले. मी आग्रह केला नाही.

सोमवार, २८ ऑक्टोबर

घाईघाईत लिहितेय, अक्षर वाकडं येईल.

बाबांनी आज दुकान बंद ठेवलं. तळ सुटलाच तर हाताशी असावं म्हणून हातोडी, खिळे आणि डिंकाची डबी घेऊन मैदानाच्या कठड्याशी उभे राहिले. डॉक्टर घड्याळ घेऊन, मोठ्या बाई छत्री घेऊन. सगळ्या वर्गांच्या खिडक्यांत डोकीच डोकी. पहिलं वळण घेतलं आणि वरून कुणीतरी ओरडलं, "डबलडेकर बाई!" झालं, ठेवलं नाव! ज्याला वर्षभर घाबरले ते हे. मला पळता पळता हसू आलं. खरं सांगायचं तर नाव चांगलं आहे.

दुसऱ्या फेरीला छातीत कळ आली. तिसरीला कंबर भरून आली आणि वाटलं, आता बसते इथेच. प्रभू, नुसती एक फेरी, मी म्हटलं, ती झाल्यावर पुढचं बघू. असं करत करत चौथी संपली. न थांबता! डॉक्टरांनी नाडी धरली, बराच वेळ धरली, आणि मान हलवली. मोठ्या बाई म्हणाल्या, "नव्या सत्रापासून शिट्टी तुमची." खिडक्यांतून असा कल्ला उठला की माझ्या ग्रंथालयातल्या पाटीची पार नाचक्की झाली.

मी बाबांकडे धावले. ते कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते. पहिल्या फेरीपासून मी बघत होते, त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं फेऱ्या मोजताहेत. चारच तर फेऱ्या, त्या मोजायला एवढं काय? जवळ जाऊन बघते तर डोळे घट्ट मिटलेले आणि ओठ अजून हलताहेत.

मी दंडाला हात लावला. "बाबा! झाल्या चार! जमलं!"

"माहीत आहे," ते डोळे न उघडता म्हणाले. "थांब जरा. माझं अजून संपलेलं नाही."

मी धापा टाकत त्यांच्या शेजारी उभी राहिले.